घोडे दोन, चालू हालतीत

थावरूमामा राठोड कुठंही गेले की आधी दारात उभे राहतात. देऊळ असो, दवाखाना असो, नाहीतर कुणाच्या घरचं बारसं असो. दाराच्या उजव्या अंगाला, भिंतीला पाठ लावून, पाय जरा फाकवून उभं राहायचं. आत माणसं किती, कोण कुठं बसलंय, मागून दुसरं दार आहे का, हे सगळं बघून घ्यायचं आणि मगच आत शिरायचं. शिरड शहापूरला त्यांच्या सख्ख्या भाच्याचं लग्न होतं, तिथंही मांडवाच्या दारात असेच उभे राहिले. नवरीकडच्या एका पाहुण्याला वाटलं, चपला सांभाळायला माणूस ठेवलाय. त्यानं चपला दिल्या, ते बघून दुसऱ्यानं दिल्या, आणि बघता बघता मामांच्या पायाशी चपलांचा ढीग झाला. इकडं नवरदेवाच्या मागं उभं राहायला मामा सापडेना. शेवटी माईकवरून पुकारा झाला, तर मामांचा निरोप आला, "चपलांजवळ कुणाला तरी उभं करा, मंग येतो."

"अहो मामा, मी नवरदेवाचा मामा आहे, एवढं सांगायचं ना त्यांना," असं मी नंतर म्हणालो.

"लोकाईनं इश्वासानं देल्या, भाऊ. न्हाई कसं म्हणावं?"

अठ्ठावीस वर्षं हा माणूस बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा होता. आधी पुसेगावला, मग आमच्या कळमनुरीत. खाकी शर्ट, छातीवर आडवा पट्टा, खांद्याला बारा बोरची दुनळी. बंदूक त्यांची स्वतःची, लायसनची. आणि आवाज! "ए, लायनीत!" म्हणाले की बँकेतली रांग तर सरळ व्हायचीच, बाहेर आडवी लावलेली मोटारसायकलसुद्धा कुणीतरी गुपचूप सरळ करून जायचं. कॉलेजात असताना मी स्कॉलरशिपचं खातं काढायला गेलो होतो, तर त्यांच्या एका हाकेनं माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

ज्या महिन्यात ते रिटायर झाले, त्याच महिन्यात निवडणूक लागली. आचारसंहिता लागली की लायसनच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, तशी मामांनी केली. निवडणूक झाली, निकाल लागला, निवडून आलेल्या माणसानं पक्षसुद्धा बदलला, तरी मामांची बंदूक ठाण्यातच.

"आणत काहून नाही मामा?"

"ऱ्हाऊ द्या. तिथं पहारा हाय."

माझं बसस्टँडसमोर झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. शिक्षणानं मी इंजिनियर, पण ते सोडा. नांदेडच्या होस्टेलात चार वर्षांत मी धड एकच विद्या शिकलो. ती म्हणजे एक खेळ. एकानं गोष्ट सांगायची: राजे, राक्षस, जादूचे किल्ले. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. आपलं पात्र काय करतंय ते तोंडानं सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. सोंगट्या नाहीत, हारजीत नाही, महिनोन्‌महिने गोष्ट चालूच. रविवारी दुपारी गिऱ्हाईक फारसं नसतं, तेव्हा आम्ही दुकानात खेळायचो. शेजारच्या मेडिकलचा अस्लम तलवारवाला शमशेर व्हायचा. प्रतिभाताई तलाठी आहेत. त्यांची म्हातारी जादूगारीण कुठल्याही किल्ल्यात शिरायच्या आधी सातबारा कुणाच्या नावावर आहे ते विचारायची. गोष्ट सांगणारा मी.

अशाच एका रविवारी मामा हयातीचा दाखला काढायला आले. पेन्शन चालू ठेवायची तर माणूस जिवंत आहे हे अंगठा लावून सिद्ध करावं लागतं. मामांनी तीनदा अंगठा लावला, यंत्रानं तीनदा नाकारला. "थांबा जरा, परत बघू," म्हणालो, तर मामा आपल्या जागी, दारात, उभे राहिले. तासभर आमचा खेळ बघत होते. अस्लम त्या वेळी एका राक्षसाचा पाय तोडत होता. अचानक मामांनी विचारलं, "ह्यो जो शमशेर हाय, ह्येच्याकडं बंदूक न्हाई का?"

खरं तर नियमांच्या पुस्तकात मागच्या पानांवर बंदूकवाल्या लढवय्याचे नियम होते. आमच्यात ते कुणी वापरले नव्हते. मी तसं सांगितलं.

"मंग मी व्हतो त्यो," मामा म्हणाले आणि पहिल्यांदाच दार सोडून आत आले.

तो एक बंदूकवाला घडवायला आम्हाला चार रविवार लागले. अस्लमचा शमशेर वीस मिनिटांत झाला होता. पहिला रविवार नावात गेला. मामांनी लिहिलं: थावरू राठोड, हुद्दा गार्ड. मी म्हणालो, मामा, हे दुसऱ्या जगातलं पात्र आहे, तिथं राक्षस असतात, उडते साप असतात. मामा म्हणाले, "मंग त्यायच्या जगात गार्ड लागत न्हाई का?" शेवटी सोमला या नावावर तडजोड झाली. सोमला डोंगरापलीकडच्या तांड्यातला, बैलांवर मीठ लादून राज्याराज्यांतून फिरणाऱ्यांतला. ही कुळकथा मात्र मामांनी एका दमात सांगितली, त्यांच्या आजाचीच होती ती.

दुसरा रविवार लायसनमध्ये गेला. "बंदुकीचं लायसन कोण देतं?" म्हणाले. मी म्हणालो, राजा. "राजा न्हाई देत. कलेक्टर देतो." झालं, उडत्या सापांच्या राज्यात मला एक कलेक्टर नेमावा लागला. पुढं एकदा मी सहज बोलून गेलो की राजधानीत नवा प्रधान निवडायचाय. मामांनी लगेच सोमलाची बंदूक जवळच्या ठाण्यात जमा केली, पावती मागितली, आणि तीन रविवार नुसत्या काठीवर लढले.

तिसऱ्या रविवारी गुणांची वाटणी आली, आणि आमचं वाजलं. प्रत्येक पात्राला ठरावीक गुण मिळतात, ते ताकद, चपळाई, निशाणा, कान, अक्कल, दरारा अशा खान्यांत वाटायचे असतात. जिथं जास्त टाकाल त्यात पात्र तरबेज. बंदूकवाला कसा बांधावा हे मी होस्टेलात रात्ररात्र जागून काढलेलं होतं: निम्मे गुण निशाण्याला, मग चपळाईला, म्हणजे बंदूक लवकर भरता येते. मी मोठ्या हौसेनं सगळं आखून दाखवलं. मामांनी नीट ऐकून घेतलं.

"निशाण्याला किती टाकायलेत?"

"सगळ्यात जास्त."

"त्याला काय बी नको. ते दराऱ्याला टाका. उरलं ते कानाला."

"अहो मामा, निशाणा नसलेला बंदूकवाला म्हणजे काय?"

"गार्ड," मामा म्हणाले.

मी डोक्याला हात लावला. अस्लम इतका हसला की त्याचा चहा नाकात गेला. मामा शांतपणे म्हणाले, "बंदूक ही दाखवायची चीज हाय, भाऊ. वाजवायची न्हाई." हे वाक्य पुढं आम्ही इतक्यांदा ऐकलं की प्रतिभाताईंच्या ऑफिसातसुद्धा ते रूढ झालं.

"बरं, आणि कानाला एवढे कशाला?"

"कान पाह्यजे. कान असला म्हंजे सगळं हाय."

मी गुण टाकले. वाद घालून उपयोग नव्हता.

चौथ्या रविवारी मामा घरून सामानाची यादी लिहून घेऊन आले. बँकेत दर महिन्याला हत्याराचा तपशील द्यावा लागायचा, त्याच थाटात. बंदूक दुनळी एक. पट्टा एक. तेलाची बाटली एक. चिंध्या दोन. घोडे दोन, चालू हालतीत. काडतुसं, आणि त्याच्यापुढं एक बारीकसा गोल. मला वाटलं, आकडा टाकायचा राहिला असेल, नंतर टाकतील. मी यादी टाचणीनं त्यांच्या पात्राच्या कागदाला लावली आणि गोष्ट सुरू केली: "सोमला धर्मशाळेतून बाहेर येतो. त्याचे दोन घोडे दावणीला फुरफुरतायत."

मामा माझ्याकडं बघत राहिले. "घोडे?"

"दोन. तुम्हीच लिहिलेत ना."

मामांचं तोंड उघडलं, मिटलं, मग म्हणाले, "बरं."

महिनाभरानं प्रतिभाताईंच्या हातात ती यादी पडली आणि त्यांना हसू आवरेना. त्यांच्या वडिलांकडं रानडुकरं हाकायची बंदूक होती. घोडा म्हणजे बंदुकीच्या मागचा तो अंगठ्यानं ओढायचा लोखंडी तुकडा. दुनळीला दोन नळ्या, म्हणून घोडे दोन. मी चांगलाच ओशाळलो. म्हणालो, मामा, रद्द करू का घोडे?

"न्हाई न्हाई, ऱ्हाऊ द्या," मामा घाईनं म्हणाले. "आता सवय झाली."

एक घोडा त्यांनी ताईंच्या जादूगारणीला देऊन टाकला, तिचे गुडघे दुखतात म्हणून. दुसरी घोडी, तिचं नाव मैना. खेळ सुरू झाला की मामांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी मैनाला कडबा." राक्षस दारात उभा असला तरी आधी कडबा.

आणि गंमत म्हणजे तो बिननिशाण्याचा बंदूकवाला चालला! मी आठवडाभर खपून लढाई बांधायचो. डाकू किती, कुठल्या खडकामागं कोण, सगळं कागदावर. रविवारी डाकू पुढं आले की मामा खुर्चीवरून उठायचे, दाराशी जाऊन उभे राहायचे आणि तिथून ओरडायचे, "ए! कोन हाय रं तिकडं? लायनीत!" दराऱ्याचे गुण ढीगभर, फासा कसाही पडो, डाकू पळायचेच. एकदा तर एका उडत्या सापाला त्यांनी रांगेत उभं केलं. आठ महिन्यांत सोमलानं एक बार काढला नाही. अस्लम त्यांना "फुसका बार मामा" म्हणायला लागला. मामाही हसायचे.

मला मात्र राग यायला लागला होता. माझ्या सगळ्या लढाया वाया! शिवाय जाताना मामा उलटतपासणी घ्यायचे ते वेगळंच. मैना शेवटी नदीच्या अल्याड व्हती का पल्याड? सापाचा रंग कसा? चिमीनं केसाला काय बांधलंय? चिमी म्हणजे गोष्टीतली एक लहान मुलगी. तिला डोंगरापलीकडं तिच्या आजीकडं पोचवायचं काम या तिघांकडं होतं, आणि ती कायम मैनावर, मामांच्या पुढं बसायची. मला वाटायचं, वय झालंय, विसरत असतील, म्हणून विचारतात. मी तुटक काहीतरी सांगून शटर ओढायचो.

तर मी ठरवलं की म्हाताऱ्याला एकदा तरी बार काढायला लावायचाच. हे मी ठरवून केलं, हे इथं सांगून टाकतो.

त्या रविवारी खिंडीत मी हाडांचे सापळे उभे केले. मामांनी मैनाला कडबा घातला, दाराशी गेले, ओरडले. मी म्हणालो, "ते थांबत नाहीत. सापळ्यांना कान नसतात मामा. दरारा चालणार नाही."

मामा परत येऊन बसले. "मंग बंदूक दाखवतो."

"डोळेही नाहीत."

"मंग काठी घेतो."

"काठी मोडली. शमशेर खाली पडलाय. बार काढल्याशिवाय गत्यंतर नाही."

"चलाव मामा, चलाव!" अस्लम ओरडायला लागला. प्रतिभाताईही म्हणाल्या, मारा की एकदाचं. मामांच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, रंगलाय खेळ! मी फासा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो टाकला, म्हणजे टाकला असं नाही, हातातून सुटला.

एक पडला. बंदूकवाल्यासाठी एक म्हणजे सगळ्यात वाईट; बंदूक भलतीकडंच उडते. आता काय भलतं करावं, मी विचार केला. चिमीला मारायचं माझ्या मनात नव्हतं. मी स्वतःला दयाळू समजत होतो. म्हणालो, "बार उडाला, पण चिमीच्या कानाशी. तिला लागलं काही नाही. पण आता तुम्ही हाक मारताय आणि ती वळून बघत नाही."

अस्लम "अरारारा!" म्हणाला. मामा समोरच्या कागदाकडं बघत राहिले. मग त्यांनी पेन्सिल कागदावर सरळ ठेवली, म्हणाले, "बराबर हाय," आणि उठले. दाराशी गेले, पण बाहेर पडले नाहीत. उजव्या अंगाला, भिंतीला पाठ लावून, आपल्या जागेवर थोडा वेळ उभे राहिले. आम्हाला वाटलं, ओरडतील परत. मग बघतो तर दारात कुणी नव्हतं.

पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर म्हणाले, "तब्येतीची जरा तकलीफ हाय." मी अस्लमला म्हणालो, "बघ, म्हातारपणी सुद्धा हार पचत नाही लोकांना." अस्लम हो म्हणाला. हे वाक्य माझ्या तोंडचं आहे आणि ते मला आता गिळताही येत नाही.

दीडेक महिन्यानं, बाजाराच्या दिवशी, दुकानात खूप गर्दी असताना एक मुलगी आली. चोवीस-पंचवीस वर्षांची. तिनं प्लास्टिकची पिशवी माझ्यापुढं ठेवली आणि कानाकडं बोट दाखवून हात हलवला. ऐकू येत नाही, बोलता येत नाही. अपंगांच्या ऑनलाइन कार्डाचा फॉर्म भरायचा होता. पिशवीत आधीचे कागद होते, ते मी एकेक करून झेरॉक्सला लावत गेलो. नाव: कोमल थावरू राठोड. मी थांबलो. मामांना मुलगी आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. आठ महिने माणूस दर रविवारी माझ्यासमोर बसत होता आणि मी त्यांना घरी कोण असतं म्हणून विचारलं नव्हतं.

झेरॉक्सवाला दिवसाला हजार कागद हाताळतो, वाचत एकही नाही. पण त्या पिशवीतला एक मी वाचला. खूप जुना, हातानं भरलेला फॉर्म होता. 'अपंगत्वाचे कारण' या खान्यात मामांचं ते बँकेतलं ठसठशीत अक्षर: "बंदूक साफ करताना घरात बार उडाला. लेकरू दीड वर्साचं जवळ होतं. चूक बापाची." आणि खाली सही. त्या खान्यात सही करायची नसते. मामांनी केली होती.

कोमल माझ्याकडं बघत होती. तिनं तो कागद माझ्या हातातून काढून घेतला, घडी घालून पिशवीत तळाला टाकला, आणि संगणकावर 'जन्मतः' या शब्दावर बोट ठेवलं. मग काउंटरवरचा एक खराब झेरॉक्स ओढून त्याच्या पाठीवर लिहिलं, "नांदेडचे डॉक्टर म्हणले होते जन्मापासून असेल. बापू मानत न्हाईत. त्यांना सांगू नका मी हे लिहिलं."

मी 'जन्मतः' टाकलं. तिचं काम झालं, पैसे दिले, तरी जाईना. मग परत कागद ओढला आणि लिहिलं, "मैनाचं पुढं काय झालं?"

मला आधी उमगेचना. कोण मैना? तिनं डाव्या तळहातावर उजव्या हाताची दोन बोटं अशी टाकली, घोड्यावर बसल्यासारखी, आणि तो हात टापा टाकत काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. मागं रांगेत उभी असलेली माणसं बघायला लागली. मग तिनं लिहिलं ते असं: दर रविवारी बापू घरी आले की हात धुऊन तिच्यापुढं बसायचे आणि अख्खी गोष्ट हातांनी सांगायचे. साप, किल्ला, शमशेरचा पाय घसरला तो, सगळं. पण मागं एका रविवारी आले ते काही न सांगता झोपले. तिनं विचारलं तर म्हणाले, संपली गोष्ट. "संपली का खरंच?" असं तिनं लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

नदीच्या अल्याड का पल्याड. चिमीनं केसाला काय बांधलंय. आणि मी शटर ओढायच्या घाईत असायचो.

तिला कसंबसं "उद्या येतो" असं लिहून दिलं. ती गेल्यावर ड्रॉवर उपसून सोमलाचा कागद काढला आणि पहिल्यांदा नीट वाचला. निशाणा, काही नाही. कान, सगळ्यात जास्त. टाचणीला ती यादी. घोडे दोन, चालू हालतीत. काडतुसं, आणि पुढं तो बारीक गोल. तो राहिलेला आकडा नव्हताच. ते शून्य होतं. मामांनी पहिल्या दिवसापासून बंदूक रिकामी ठेवली होती, स्वच्छ अक्षरात लिहूनही दिलं होतं, आणि मी त्या रिकाम्या बंदुकीतून बार उडवला होता. खेळाच्या नियमानंसुद्धा ते चूक होतं!

दुसऱ्या दिवशी दुकान अस्लमच्या भरवशावर टाकून मी मामांच्या तांड्यावर गेलो. हळद शिजवून झाली होती, घरापुढच्या खळ्यावर वाळत घातलेली. मामा तिच्या कडेला काठी घेऊन उभे होते, शेळ्यांवर पहारा. मला बघून खूप आनंद झाल्यासारखं त्यांनी केलं, बाज ओढली, आत पाणी मागितलं. कोमल पाणी घेऊन आली आणि मला पहिल्यांदाच बघतेय असं दाखवून उंबऱ्यात बसली.

मी कागद काढला. रस्ताभर पाठ केलेलं सगळं विसरलो. "मामा, मी चुकलो. सोमलाच्या बंदुकीत काडतूस नव्हतंच. हे बघा, तुम्ही शून्य लिहिलंय, मी वाचलं नाही. रिकामी बंदूक उडत नसते. तो बार झालाच नाही, मामा. नियम आहे."

मामांनी कागद हातात घेतला, लांब धरून बघितला.

"बराबर हाय," म्हणाले. "बँकेत बी कदी घातलं न्हाई. बावीस वरीस रिकामीच घेऊन हुबा व्हतो. कुणाला ठावं न्हाई."

"मग झालं तर. गोष्टीतनं तो बार काढून टाकू."

"गोष्टीतला काढा. गोष्टीत न्हवतंच काडतूस." त्यांनी कागदाची घडी घातली, माझ्या हातात परत दिली. "तवा व्हतं, भाऊ."

कोमलनं फॉर्ममध्ये काय लिहिलंय, ते माझ्या ओठावर आलं होतं. तिनं सांगू नका म्हणून लिहून दिलं होतं, म्हणून सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं का, हे मी अजून विचारतोय. मामा त्यानंतर परत कधी खेळायला आले नाहीत. बोलावलं की म्हणतात, "हळद हाय," हळद गेली की म्हणतात, "सोयाबीन हाय." अस्लम आता कुणालाही फुसका बार म्हणत नाही. मी अजून रविवारी गोष्ट सांगतो, पण राक्षस पुढं आले की आमच्यात त्यांना लायनीत उभं करणारं कुणी नाही, आणि सगळ्या लढाया मी बांधल्या तशाच होतात.

त्या दिवशी मी निघायला उठलो, तेवढ्यात कोमलनं मामांच्या गुडघ्यावर थाप मारली. तळहातावर दोन बोटं घोड्यासारखी टाकली आणि भुवया उंचावल्या. मामांनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी काठी भिंतीला लावून ठेवली, तिच्यासमोर मांडी घालून बसले, आणि त्यांची घोडी खिंडीतून निघाली. पुढचं मला फारसं कळत नव्हतं; ती दोघं भराभर बोलत होती, कोमल मध्येच हसत होती. शेवटी मामांनी घोडी थांबवली. एक हात तोंडाशी नेऊन हाक मारल्यासारखं केलं, दुसऱ्या हाताची करंगळी उभी धरली, आणि ती करंगळी हळूच मागं वळवली. चिमीनं वळून बघितलं, एवढं मलाही कळलं.